वृंदा पद्माकरोव्हना

आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला म्हाताऱ्या माणसांचं एक नर्सिंग होम आहे. तिथं वृंदा टिपणीस नावाची पन्नाशी ओलांडलेली मराठी बाई काम करते. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं-पुसायचं, कपडे चढवायचे, पॉरिज भरवायचं. कामाला वाघ, बोलायला मोजकी. तिथले आजी-आजोबा तिला ‘व्हिंडा’ म्हणतात आणि ती ओ देते. पण आयुष्याची पंचवीस-सव्वीस वर्षं लोक तिला वेगळ्याच नावानं ओळखत होते. वृंदा पद्माकरोव्हना.

रशियात एखाद्याला मान द्यायचा असला, की त्याच्या नावाला वडिलांचं नाव जोडून हाक मारतात. वृंदाचे वडील पद्माकर टिपणीस नाशिकरोडच्या छापखान्यात नोकरीला होते, युनियनचे कट्टर कार्यकर्ते. कामगाराचं राज्य जगात कुठं असेल तर ते रशियात, यावर त्यांची श्रद्धा होती. देवघरापुढे न वाकणारा हा माणूस त्या देशाचं नाव घेताना मात्र आवाज खाली आणायचा. तिकडून येणाऱ्या मासिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं वृंदाच्या वह्यांना असायची. गव्हाच्या शेतात हसणाऱ्या बाया, बर्फ, ट्रॅक्टर. त्या चित्रांच्या नादानं ती पुण्याला जाऊन रशियन शिकली, पहिली आली आणि शिष्यवृत्ती मिळवून व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हल गावी पोचली. पुढे ती तिथल्याच एका शाळेत शिकवू लागली; मुलं तिला ‘पद्माकरोव्हना’ म्हणतात, हे तिनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा पद्माकरराव इतके हसले, की त्यांना ठसका लागला. नंतर आईनं सांगितलं, की ते डोळे पुसत होते.

वडिलांनी वर्णन केलेला देश ती पोचायच्या आधीच मोडीत निघाला होता. साल शहाण्णव. स्टेशनबाहेर प्राध्यापक लोकरीचे मोजे विकत उभे असायचे. कारखान्यांत महिनोन् महिने पगार नाही; पगाराऐवजी कधी एनॅमलची पातेली मिळायची, कधी टॉवेल. ती वडिलांना यातलं काही कळवायची नाही. “सगळं छान आहे, बाबा,” म्हणायची.

तिथं तिला दोन माणसं मिळाली. एक तमारा, शाळेतली इतिहासाची शिक्षिका, वृंदाहून चार-पाच वर्षांनी मोठी. उणे तीस अंशांत चालायचं कसं, काकड्या बरणीत मुरवायच्या कशा, सरकारी कचेरीतल्या बाईशी भांडायचं कोणत्या सुरात, हे सगळं तमारानं शिकवलं. दुसरा कोस्त्या, तमाराच्या नवऱ्याचा मित्र, इंजिनांच्या कारखान्यात तंत्रज्ञ. शांत, लांबट चेहऱ्याचा, हातात नेहमी काहीतरी दुरुस्तीचं. वृंदानं त्याच्याशी लग्न केलं. मुलगी झाली तेव्हा आपल्या आईचं नाव द्यायचं तिच्या मनात होतं, स्मृती. कोस्त्यानं कपाळाला हात लावला. “अगं, आमच्या भाषेत हे ‘मरण’ असं ऐकू येतं!” मग मुलीचं नाव मीरा ठेवलं. ते दोन्हीकडे चाललं. बाळंतपणात कोस्त्या कामावर अडकला होता; दवाखान्यात रात्रभर बाकावर बसून राहिली ती तमारा.

पुढे दिवस पालटले. तेलाचा पैसा आला, पगार वेळेवर होऊ लागले, लोक उन्हाळ्यात तुर्कस्तानला जाऊ लागले. वृंदा शाळेत इंग्रजी शिकवत होती. पोट भरलं तसं लोकांनी सरकारबद्दल बोलणं सोडून दिलं. तुम्ही आमच्या ताटाकडे बघा, आम्ही तुमच्या खुर्चीकडे बघत नाही, असा न बोलता ठरलेला सौदाच होता तो. गावाबाहेर कोस्त्याचं लाकडी घर होतं. त्या खेड्यातली शाळा बंद झाली, मग दवाखाना, मग दुकान. पन्नाशीतले पुरुष दारूनं माशांसारखे मरत होते. तमाराचा नवराही तसाच गेला. तिच्या देनिसला मग वृंदानं आपल्या ओट्याशी बसवून इंग्रजी शिकवलं, मीराच्या बरोबरीनं. तो तिला ‘त्योत्या वृंदा’ म्हणायचा, म्हणजे वृंदामावशी. मीरा मोठी होऊन आयर्लंडला डंडॉकला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली.

फेब्रुवारी बावीसमध्ये युद्ध सुरू झालं आणि सौद्याची दुसरी बाजू पुढे आली. त्याला युद्ध म्हणायचीच बंदी होती. शाळेत दर सोमवारी झेंडावंदन आणि देशप्रेमाचा खास तास सुरू झाला. बसथांब्यांवर जाहिराती लागल्या: सैन्यात या, एवढे पैसे घ्या. शिक्षकानं वर्षानुवर्षं राबून मिळवावेत, तेवढे सहीबरोबर हातात. कोस्त्याच्या कारखान्याला लष्कराची कामं मिळाली, तीन पाळ्या सुरू झाल्या, पगार दुप्पट झाला. त्यानं नवी गाडी घेतली आणि जेवताना बोलणं कमी केलं. लोक फोन दुसऱ्या खोलीत उशीखाली ठेवून मग बोलायला बसत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर अकरावीच्या वर्गात एका मुलाचं बाक रिकामं होतं. त्याच्या भावाची बंद पेटी घरी आली होती. वृंदानं पुस्तक मिटलं. ती म्हणाली, “हे युद्ध आहे. दुसरं काही नाव नाही याला. आणि तुम्ही कुणी सही करण्याआधी त्या घरी जाऊन त्याच्या आईकडे एकदा बघून या.”

बास, एवढंच. पहिल्या बाकावर येगोर बसला होता, पोलिसातल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी तमारा आली होती. वृंदानं कोस्त्यासमोर तिला सगळं सांगितलं. तमाराचा कप बशीवर वाजला. “वेडी आहेस का? असं बोलतात?” मग तीच म्हणाली, “बोललीस ते खरं आहे. पण बोलतात का?” आणि त्या संध्याकाळी तमारा स्वतः राज्यकर्त्यांना जे जे म्हणाली, ते वृंदाच्या वर्गातल्या वाक्यांहून पाचपट जहाल होतं. कोस्त्या नळाचा वॉशर बदलत बसला.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापिकेनं बोलावलं. मग पोलीस ठाणं. सैन्याची बदनामी केली, अशी तक्रार होती, वर्गातल्या वाक्यांसकट. तरुण अधिकारी तसा सभ्यपणे बोलत होता. त्यानं विचारलं, “तुमच्या शाळेत आणखी कोण असं बोलतं? नाव सांगा, तुमचं प्रकरण हलकं करता येईल.” तमाराचं नाव जिभेच्या टोकावर नव्हतंच, पण मनात आलं, हे खरं. वृंदा म्हणाली, “कुणी नाही. मी एकटीच.”

दंड झाला, नोकरी गेली. तेवढ्यावर भागलं असतं. पण वृंदानं इतक्या वर्षांत नागरिकत्व बदललं नव्हतं. वडिलांसाठी म्हणून भारताचा पासपोर्ट जपला होता. परदेशी बाई सैन्याची बदनामी करते म्हटल्यावर तिचा राहण्याचा परवानाच रद्द झाला. पाच वर्षं देशात पाय ठेवायची बंदी. कोस्त्या प्रत्येक कचेरीत तिच्या शेजारी बसला. तिची पर्स धरून बसला. मॉस्कोच्या विमानतळावर तो लहान मुलासारखा रडला. तमारानं वाटेत खायला कोबीचं सारण भरलेले पाव करून दिले होते, अजून गरम होते. “त्या पोरट्या येगोरचं वाटोळं होईल,” तमारा म्हणाली. वृंदानं विमानात ते पाव खाल्ले आणि येगोरला शिव्याशाप दिले. पुढची दोन वर्षं देत राहिली.

काही महिने ती नाशिकरोडला भावाकडे राहिली. वडिलांना सांगितलं, सुट्टी घेऊन आलेय. त्यांची नव्वदीकडे वाटचाल; ऐकू कमी यायचं, श्रद्धा तेवढीच. “तुझी शाळा काय म्हणते?” विचारायचे. ती म्हणायची, “मजेत आहे.” मग मीरानं खटपट केली, आयर्लंडमध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायला माणसं कमी पडतात हे हेरलं, आणि वृंदा वर्क परमिटवर डब्लिनला आली. एक जुनी शिक्षिका आता लोकांचे डायपर बदलते, याचं तिला वाईट वाटलं नाही. कामाला लाज कसली? वाईट वाटायचं ते संध्याकाळी, जेव्हा कुणी नावानं हाक मारायचं नाही.

ब्लँचर्डस्टाउनमध्येच स्वप्नाली आणि अभिजित या जोडप्याकडे तिला खोली मिळाली. अभिजित हॉस्पिटलात डॉक्टर, स्वप्नाली चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. “वृंदाताई, डाळ-तांदूळ वरच्या प्रेसमध्ये आहेत, काही विचारायचं नाही, घ्यायचं,” स्वप्नालीनं पहिल्याच दिवशी सांगितलं. कपाटाला प्रेस म्हणायची तिथली रीत तिच्या जिभेवर बसली होती. वृंदाला क्षणभर वडिलांच्या छापखान्यात डाळ-तांदूळ ठेवल्यासारखं वाटलं आणि बऱ्याच दिवसांनी ती हसली.

दर रविवारी कोस्त्याचा फोन यायचा. बर्फ किती पडला, छपराचं काय केलं, आईचे गुडघे. “तीन वर्षं उरली,” तो म्हणायचा. “मग बंदी उठेल.” तो इकडे यायचं म्हणत नव्हता, लष्करी कामावरच्या माणसाला देशाबाहेर पडायची परवानगी नव्हती. ती समजून घ्यायची.

मागच्या पावसाळी शरदात तमाराचा फोन आला. आवाज फाटलेला. देनिस कोस्त्याच्याच कारखान्यात लागला होता; तिथल्या कामगारांना सैन्यभरतीतून सूट असायची. पण आता कारखान्यातही पोरांना बोलावून सह्यांसाठी दबाव आणत होते. देनिस निसटून आर्मेनियात येरेव्हानला गेला होता. “तिथं किती दिवस काढेल? वृंदा, माझं एकच पोर आहे गं. तू काहीतरी कर.”

वृंदानं मागचापुढचा विचार केला नाही. इंग्रजीच्या वर्गाला प्रवेश घेऊन विद्यार्थी म्हणून यायची वाट होती. तिनं शाळा शोधली, सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून तिथं जाऊन आली, फीसाठी आपली साठवण मोडली, स्वप्नालीकडे शब्द टाकला.

“खालची खोली रिकामीच आहे, ताई. दोन महिने राहू दे की,” स्वप्नाली म्हणाली. “पण एक विचारू? तुम्ही स्वतःच अजून धड स्थिरावला नाहीत. एवढं कुणासाठी?”

“तिनं माझ्यासाठी केलंय,” वृंदा म्हणाली. “सख्खी बहीण करणार नाही एवढं.”

जानेवारीत देनिस आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा उंच पोरगा, गालफडं बसलेली. विमानतळावर वृंदानं त्याला कवेत घेतलं तेव्हा तो लाकडासारखा ताठ उभा राहिला. थकला असेल, तिला वाटलं. तिनं बीटचं सूप केलं, बटाटे केले. तो ताटाकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. “त्योत्या वृंदा, मला भूक नाही.” तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. ती खोलीत आली की काही ना काही कारण काढून उठायचा.

शनिवारी ती त्याला जाड कोट घेऊन द्यायला शॉपिंग सेंटरमध्ये घेऊन गेली. कोट घेतला. पैसे तिनंच दिले. नंतर दोघं वरच्या मजल्यावर कॉफी प्यायला बसली. शेजारच्या टेबलावर शाळकरी पोरींचा गलका चालला होता. वृंदा सहज म्हणाली, “तुझ्या आईला फोटो पाठव. खूश होईल. तिच्या जिवाला केवढा घोर होता.”

देनिसनं कोटाची पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली.

“मला हा नको. मला घेता येणार नाही.”

“का रे?”

“येगोर नव्हता तो.” त्याचा आवाज इतका खाली गेला, की वृंदाला पुढे वाकावं लागलं. “येगोरनं काही केलं नव्हतं. तो गेल्या वर्षी सही करून गेला, परत नाही आला. तुमची तक्रार आईनं केली.”

वृंदाला शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता.

“कुणाच्या आईनं?”

“माझ्या.” त्यानं दोन्ही हातांनी कप धरला होता. “आणि कोस्त्याकाकांना माहीत होतं. दोघांनी मिळून ठरवलं. मी पलीकडच्या खोलीत होतो, मी ऐकलं. नंतर महिन्याभरात काकांनी मला कारखान्यात लावलं. मला वाटलं होतं, तुम्हांला एव्हाना कळलं असेल. आई म्हणाली, तिला काही सांगायचं नाही, तोंड मिटून राहा, शीक, तिथलाच हो. पण तुम्ही मला जेवायला वाढता आणि… मला गिळवत नाही.”

वृंदा उठली. तिनं पर्स घेतली. देनिसला तिथंच सोडून ती जिन्यानं खाली आली, बाहेर पडली, गाड्यांच्या तळातून चालत राहिली. पाऊस भुरभुरत होता. बसथांब्यावर एक बाई तिला म्हणाली, “यू ग्रँड, लव्ह?” ठीक आहेस ना, हे तिथं असं विचारतात. वृंदा म्हणाली, “ग्रँड.” मग तिला आठवलं, की गरम पाव तिनं खाल्ले होते, शेवटच्या कणापर्यंत. ती थांब्यामागे गेली आणि तिला ओकारी झाली.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आणि आपली राखण होतेय म्हणून ती त्याच कुंपणाला टेकून बसली होती.

रविवारी कोस्त्याचा फोन नेहमीसारखा आला. छपराचं सांगू लागला. वृंदानं त्याला मध्येच तोडलं.

“तमारानं माझी तक्रार केली हे तुला माहीत होतं?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“देनिस बोलला,” तो म्हणाला.

“मी तुला विचारतेय.”

“फोनवर असं काही…”

“कोस्त्या, मला पाच वर्षांसाठी हाकलून दिलंय. आता फोनची कसली भीती घालतोस?”

तो बोलू लागला, तुटक तुटक. कारखान्यात त्याच्या साहेबानं बोलावलं होतं. तुझी बायको परदेशी आहे, वर्गात बोलते, आमच्यापर्यंत आलंय. तिचं तोंड बंद कर, नाहीतर तुझी नोकरी जाईल, वर खटला होईल. खटला झाला तर तुरुंग. कोस्त्या तमाराकडे गेला. तमारा म्हणाली, मोठी तक्रार होण्याआधी आपणच एक लहान करू. पहिल्या वेळी नुसता दंड होतो. ती घाबरेल आणि गप्प बसेल.

“आम्हांला तुला घाबरवायचं होतं गं. घालवायचं नव्हतं. परवान्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. शपथ घेतो. तुला वाचवायला केलं.”

“आणि देनिसची नोकरी?”

“ती… ती तमारानं नंतर मागितली. मी नाही कसं म्हणणार होतो?”

“मला का नाही विचारलंस? माझ्याशी एकदा बोलायचं. म्हणायचं, वृंदा, मी घाबरलोय, गप्प बस. मी बसले असते, कोस्त्या. तुझ्यासाठी बसले असते.”

तो रडायला लागला. विमानतळावर रडला होता, तसाच. त्या वेळी तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला होता. आता तिच्या मनात आलं, की तेव्हा तो कशासाठी रडत होता? तिच्यासाठी, का स्वतःला कुणी पकडलं नाही म्हणून? तेवढी एक गोष्ट तिला कधीच कळणार नव्हती.

“पोलिसांनी मला नाव विचारलं होतं,” ती म्हणाली. “आणखी कोण बोलतं म्हणून. तू बाहेर माझी पर्स घेऊन बसला होतास तेव्हा. मी तमाराचं नाव सांगितलं नाही. तिला हे सांग.”

तिनं फोन ठेवला. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, तो तिनं उचलला नाही. त्यानंतरचाही नाही. तमाराचे आवाजी निरोप येत राहिले, एकापाठोपाठ एक, लांबलचक. वृंदानं पहिला ऐकायला घेतला. “तू तिकडे सुरक्षित आहेस, तुला काय कळणार, आम्ही इथं कसे…” एवढ्यावर तिनं बंद केला आणि बाकीचे न ऐकताच पुसून टाकले. पंचवीस वर्षांची मैत्री. भांडायलासुद्धा काही उरलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

देनिसचं काय करायचं, हा प्रश्न घरात उभा होता. तो त्या दिवशी संध्याकाळी पायी परत आला होता, भिजून. स्वप्नालीला सगळं कळल्यावर तिचा पारा चढला.

“उद्याच्या उद्या काढते त्याला घराबाहेर! ताई, तुम्ही फी भरलीत त्याची! केसानं गळा कापलाय त्या बाईनं.”

“त्यानं नाही कापला,” वृंदा म्हणाली. “तो न सांगताही राहू शकला असता.”

“मग ठेवायचं?”

“दोन महिने म्हटलंय ना आपण, दोन महिने राहू दे. मला मात्र त्याच्या ताटात वाढायला सांगू नकोस.”

तसंच झालं. देनिस खालच्या खोलीत राहिला, स्वतःचं स्वतः उकडून खायचा, समोर आला की बाजूला व्हायचा. मार्चमध्ये त्याला कॉर्कजवळच्या एका हॉटेलात भांडी घासायचं काम मिळालं आणि त्यानं तिकडच्याच भाषावर्गात बदली करून घेतली. जाताना तो दाराशी उभा राहिला, काहीतरी म्हणणार होता. वृंदा म्हणाली, “सही कशावरही करू नकोस. कुणी काहीही सांगो.” तो हो म्हणाला आणि गेला. कोट नेला नाही. अभिजितनं तो शेवटी हॉस्पिटलातल्या कुणाला तरी दिला.

मीराला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. वृंदानं दोन महिने टाळलं. एप्रिलमध्ये ती डंडॉकला मुलीकडे गेली आणि जेवण झाल्यावर सगळं सांगून टाकलं, सुरुवातीपासून. मीरा ऐकत होती. तिचा चेहरा बापासारखा लांबट. तो हळूहळू पांढरा पडत गेला. तिनं एकदा तोंडावर हात नेला. आता ही चिडेल, आता ही बापाला फोन लावेल, असं वृंदाला वाटलं.

“ममा,” मीरा शेवटी रशियनमध्ये म्हणाली, “पपा घाबरले होते. तिथं सगळेच घाबरतात. ते वाईट नाहीत.”

“मी कुठं म्हणतेय वाईट आहेत?”

“मग त्यांना इतकं… ते एकटे आहेत तिकडे. आजी पडून आहे.”

“मीसुद्धा घाबरले होते, मीरा. तरी पोलिसांसमोर मी कुणाचं नाव घेतलं नाही.”

मीरा उठून आईच्या मागे आली, तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. पण बापाच्या बाजूचं ते वाक्य तिनं मागे घेतलं नाही. वृंदानं तिचा हात थोपटला. पोरीनं बापाला टाकावं असं तिला वाटत नव्हतंच. तरी आत कुठंतरी लागलं ते लागलंच.

वडिलांना तिनं काहीच कळवलं नाही. मे महिन्यात ते झोपेतच गेले. भावानं सांगितलं, आदल्या दिवशी शेजाऱ्याला म्हणत होते, माझी मुलगी रशियात मोठी शिक्षिका आहे, तिकडे मास्तरांना फार मान. वृंदाला रजा मिळून नाशिकरोडला पोचेपर्यंत दहावा झाला होता. तिनं त्यांच्या फोटोसमोर बसून सगळं मोठ्यानं सांगावं असं ठरवलं होतं. बसलीसुद्धा. पण खोलीत भावाची सून कपडे घड्या घालत होती, मग राहून गेलं.

परत आल्यावर तिनं वकील गाठला. पासपोर्टावर नाव पहिल्यापासून टिपणीसच होतं, त्यामुळे तेवढं बदलायचं काम नव्हतं. घटस्फोटाचे कागद तिनं पाठवले आणि कोस्त्यानं हरकत न घेता सही करून परत धाडले, तेही वेळेवर. कागदपत्रांत तो पहिल्यापासून चोख होता.

मध्यंतरी एका रविवारी ती पुन्हा डंडॉकला गेली. जेवताना मीराचा फोन वाजला. पडद्यावर कोस्त्या होता. मीरानं आईकडे बघितलं. वृंदा ताट घेऊन ओट्याकडे वळली. पाठीमागे बाप-लेकीचं बोलणं चाललं होतं. आजीचे गुडघे, पाण्याचा पंप, कारखान्यात पुन्हा जादा पाळी. मग मीरानं फोनवर हात ठेवून हळूच विचारलं,

“ममा, पपा म्हणतायत, बंदी संपायला आता दोन-अडीच वर्षंच उरलीत. घर तसंच ठेवलंय. तू येशील का, विचारतायत.”

वृंदाला आधी वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. सहीचे कागद त्याच्याच हातून गेले होते. तरीही तो हे खरंच विचारत होता, छपराबद्दल बोलतो तितक्याच साधेपणानं. त्याला अजून कळलेलंच नव्हतं. तिनं नळ सोडला, ताट धुतलं, वाटी धुतली.

“त्याला म्हणावं, फोन मुलीला करतोयस, तर मुलीशीच बोल,” ती मराठीत म्हणाली. मीराला मराठी नीट बोलता येत नसे, पण समजत असे. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

वृंदानं हात पुसले, कोट चढवला आणि डब्लिनच्या बससाठी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती.